दुधाचा रंग की खडूचा?

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘या वर्षी ते जुनं काढूनच टाकू या!’ हे ‘जुनं’ म्हणजे कधी सासूबाईंच्या माहेराहून आलेली लाकडी पेटी, कधी पाय डुगडुगणारं टेबल, तर कधी पॉलिश उडालेलं फडताळ. भंगारवाला दारात उभाच असतो. पण मैत्रिणींनो, आतलं लाकूड सागवानी असेल, तर ते वजनावर देऊन प्लायवुडचं कपाट आणणं म्हणजे सोनं देऊन पितळ घेण्यासारखं आहे. लाकूड चांगलं असतं, फक्त त्याचा चेहरा उतरलेला असतो. आणि चेहरा उजळायला दरवेळी रंगारी बोलवावा लागतो असं नाही. दुपारची दोन दिवसांची फुरसत आणि एक चांगला ब्रश एवढ्यावर काम भागतं.

अलीकडे या घरगुती रंगकामात दोन नावं सारखी कानावर येतात, मिल्क पेंट आणि चॉक पेंट. म्हणजे सरळ मराठीत दुधाचा रंग आणि खडूचा रंग. भिशीला जमलं की मला कुणी ना कुणी विचारतंच, ‘ताई, यातला कुठला घेऊ?’ त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. वस्तू कोणती, तिच्यावर आधी काय लावलंय आणि ती वापरणार कोण, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत.

दूध, चुना आणि माती

दुधाचा रंग हा काही नवा शोध नाही. दूध फाटल्यावर जो चोथा राहतो, ज्याचं आपण पनीर करतो, त्यात केसिन नावाचं प्रथिन असतं. त्यात चुना मिसळला की चिकट, घट्ट धरणारी खळ तयार होते. तिच्यात रंगाची माती घातली की झाला रंग तयार! डबाबंद रंग बाजारात येण्याआधी युरोप-अमेरिकेत घरचं फर्निचर असंच रंगवायचे. आपल्याकडेही चुना आणि दुधाची जोडी जुनीच आहे. राजस्थानात भिंतीच्या गुळगुळीत आराईश गिलाव्यासाठी चुना दह्याबरोबर मुरवायची पद्धत आहे.

खरा दुधाचा रंग पूड स्वरूपात मिळतो. बहुतेक वेळा तो ऑनलाइनच मागवावा लागतो. पूड आणि पाणी समप्रमाणात कालवायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, जुन्या ओढणीतून गाळायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. शेवटी दूधच ते, नासणारच! एक खूण लक्षात ठेवा. डब्यावर ‘मिल्क पेंट’ लिहिलेलं असेल आणि आत तयार पातळ रंग असेल, तर तो बहुधा अॅक्रिलिक असतो. रंग म्हणून तो वाईट नाही, पण दुधाच्या नावाने जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

घरीही करून बघता येतो. एक लिटर साय काढलेलं दूध कोमट करून त्यात लिंबू पिळा. दूध फाटलं की गाळून चोथा दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवा, आंबटपणा राहता कामा नये. त्यात भिजवून मुरवलेला, लोण्यासारखा चुना दोन मोठे चमचे घाला आणि चांगलं घोटा. हळूहळू चोथा विरघळून सायीसारखं मिश्रण होतं. लागेल तसं पाणी घालून गाळा आणि रंग मिसळा. चुना घोटताना हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांना त्या वेळी जवळ फिरकू देऊ नका.

रंगासाठी गेरू, पिवडी आणि काजळी बिनधास्त वापरा. पण शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ यांना हातही लावू नका. देवघरात नाहीतर किराणा दुकानात मिळतात म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. पारंपरिक शेंदरात शिसं असतं, हिंगुळात पारा आणि हरताळात सोमल.

हा रंग कोऱ्या लाकडात मुरतो. लाकडाच्या रेषा खालून दिसत राहतात आणि त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पहिला हात फिका दिसतो, म्हणून घाबरू नका, दुसऱ्या हाताला तो भरतो. मात्र पॉलिश, ऑइलपेंट किंवा सनमायका यांवर तो धरत नाही आणि जागोजागी सुटतो. परदेशात काही जणांना असे पापुद्रे मुद्दाम हवे असतात, त्याला जुनेपणाची शोभा म्हणतात. आपल्याकडे मात्र पाहुण्या विचारतील, ‘अगंबाई, रंग उडाला वाटतं?’

खडूचा रंग म्हणजे फळ्याचा रंग नव्हे!

दुकानात जाऊन ‘चॉक पेंट द्या’ म्हटलं की पुष्कळदा शाळेच्या फळ्याचा काळा रंग हातात पडतो. तो वेगळा. चॉक पेंट हा रंग १९९० मध्ये अॅनी स्लोन या इंग्रज बाईंनी बाजारात आणला. वाळल्यावर तो खडूसारखा मऊ, बिनचकाकीचा दिसतो, म्हणून ते नाव. त्याचा मोठा गुण म्हणजे तो जवळजवळ कशावरही धरतो. जुनं पॉलिश खरवडून काढायला नको, प्रायमर नको. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढला, कोरडं केलं की ब्रश फिरवायला मोकळ्या!

तयार डबा महाग पडतो. घरी करायचा तर बिनचकाकीचं म्हणजे मॅट इमल्शन तीन वाट्या आणि रंगाच्या दुकानातली व्हायटिंग पावडर एक वाटी. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मगच रंगात घाला. काही जणी प्लास्टर ऑफ पॅरिस घालतात, पण ते भराभर घट्ट होतं, त्यामुळे केलेलं लगेच संपवावं लागतं. नवशिकीने व्हायटिंगच घ्यावी. दोन हात द्यायचे, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. शेवटी बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला की हाताला मखमल लागते.

यातही एक गोम आहे. जुन्या सागवानी किंवा शिसवी वस्तूवर पांढरा-क्रीम रंग दिला, तर दोन दिवसांनी खालून तपकिरी डाग वर येतात. कितीही हात दिले तरी ते येतच राहतात. त्यावर उपाय आपल्या सुताराकडेच असतो, चपडीचं स्पिरिट पॉलिश. त्याचा एक हात आधी दिला की डाग खालीच अडतो.

आधी विचारा, जुना रंग कधीचा?

आता थोडं गंभीर बोलते. दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या सुनेला दिवस गेले आणि माळ्यावरचा पाळणा खाली आला. तीन पिढ्यांची बारशी झालेला पाळणा, त्यावर हिरवा-पिवळा ऑइलपेंट, एकावर एक किती थर असतील कोण जाणे. सुतारदादा पॉलिश पेपर घेऊन ओसरीवर बसले होते आणि सूनबाई शेजारीच मटार सोलत होती. मी त्यांना हात थांबवायला सांगितला.

कारण असं की, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत तर जास्तच. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असलेले रंग करायला आणि विकायला बंदी झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. ती हातावर, जमिनीवर, अन्नावर बसते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं बाधतं, गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळीच नाही.

सासूबाई दुखावल्या. म्हणाल्या, ‘आमची सगळी लेकरं यातच वाढली, कुणाला काय झालं?’ मी म्हटलं, ‘आई, झालं असेल-नसेल, तेव्हा कळायला मार्गच नव्हता. आता कळलंय ना!’ त्या काही बोलल्या नाहीत. वरून नवा रंग देऊन तरी चालेल का, असं जाऊबाईंनी विचारलं. कपाटाला चाललं असतं. पण दात येणारं बाळ पाळण्याचा कठडाच चावतं, आणि वरचा थर निघाला की खालचा रंग तोंडात. म्हणून जुन्या पाळण्याच्या पितळी कड्या आणि साखळ्या तेवढ्या काढून चिंच लावून घासल्या आणि सुतारदादांकडून साध्या कोऱ्या लाकडाचा नवा पाळणा करून घेतला. त्याला गेरूचा दुधाचा रंग दिला, वर मेण लावलं. बारशाच्या दिवशी पहिला झोका सासूबाईंनीच दिला. जुना पाळणा त्यांच्या खोलीत तसाच आहे. त्याला आम्ही ना घासलं, ना विकलं.

तेव्हा, वस्तूवरचा रंग कधीचा ते माहीत नसेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासू नका. रंग घट्ट असेल आणि वस्तू मुलांच्या तोंडाशी येणारी नसेल, तर ओल्या फडक्याने पुसून वरून खडूचा रंग द्या. पापुद्रे सुटत असतील तर ती वस्तू घरात घासायला घेऊच नका.

कशाला कुठला?

*कोरं लाकूड, पाट, चौरंग, लाकडी खेळणी, नवा पाळणा* – दुधाचा रंग.

*पॉलिश केलेलं टेबल, फडताळ, आरशाची चौकट* – खडूचा रंग. सागवान असेल तर आधी चपडी.

*सनमायकाचं कपाट* – खडूचाच. पण आधी बारीक पॉलिश पेपरने चकाकी मारून घ्या.

*लोखंडी ट्रंक* – गंज काढून रेड ऑक्साइडचा हात द्या, मग खडूचा रंग. पाण्याचा रंग थेट लोखंडावर दिला तर गंज वर येतो.

*न्हाणीघर, मोरीजवळची मांडणी* – दोन्ही नकोत. कोकणातल्या पावसाळ्यात तर दुधाच्या रंगाला बुरशी येण्याची भीती असते.

*भिंती* – या दोन्ही रंगांपेक्षा साधा चुना किंवा डिस्टेंपर परवडतो. खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये आणलेला शेणापासूनचा ‘प्राकृतिक पेंट’ही भिंतींसाठीच आहे.

वरचा हात विसरू नका

दोन्ही रंग उघडे ठेवले तर चहाचा एक कप पुरे, डाग पडलाच! शोभेच्या वस्तूला मेण चालतं. मधमाश्यांचं मेण एक भाग आणि जवसाचं तेल तीन भाग, हे उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर कधीच नको. मऊ फडक्याने चोळा, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने चमकवा. वर्षातून एकदा पुन्हा द्यावं लागतं. जेवणाचं टेबल किंवा रोज पुसलं जाणारं फडताळ असेल तर मात्र पाण्यात मिसळणारं पारदर्शक वार्निशच घ्या. गरम पातेल्याखाली मेण वितळतं.

आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सुरुवात मोठ्या कपाटापासून नको. एखादा पाट किंवा स्टूल घ्या, त्याच्या खालच्या बाजूला वीतभर जागेत रंग लावा आणि दोन दिवस थांबा. बोटाने घासून निघाला नाही, डाग वर आला नाही, तर बेलाशक पुढे जा. पाटाची खालची बाजू कोण बघतंय, नाही का?