हातचलाखीची बाराखडी (४) : रिकामी मूठ

मागच्या आठवड्यात सांगितलं होतं, सात दिवस काहीही गायब करायचं नाही. नाणं बोटांच्या मुळाशी, किंचित वाकलेल्या बोटांत ठेवायचं आणि घरभर वावरायचं; दार उघडायचं, वर्तमानपत्र चाळायचं. ज्यांनी हे खरोखर केलं त्यांचा हात पहिले दोन दिवस लाकडी झाला असेल, आणि मग कधीतरी नाण्याचा विसर पडला असेल. तो विसर पडणं म्हणजेच धडा पक्का होणं. आधुनिक जादूचा जनक म्हणतात तो फ्रान्सचा रोबेर-हूदँ मूळचा घड्याळजी. चालताबोलता कोटाच्या खिशात हात घालून तोही हाच उद्योग करत असे.

नाण्याविषयी थोडं. इंग्रजी पुस्तकांत जिथं तिथं अमेरिकन अर्धा डॉलर असतो, ३०.६ मिलिमीटर व्यासाचा. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं. शिकायला पुरेसं आहे. गंमत म्हणजे देव्हाऱ्यातला राणीछाप चांदीचा रुपया आकारानं जवळजवळ त्या अर्ध्या डॉलरएवढाच असतो. वजनही ११.६६ ग्रॅम, डॉलरवाल्याचं ११.३४. पण लक्ष्मीपूजनाचा रुपया गायब करू नका. आई तो लगेच परत आणायला लावेल, आणि आणणं आपण अजून शिकलेलो नाही.

आता क्रिया. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नाणं कडेनं आडवं धरा, तळवा वर. उजवा हात ते घ्यायला येतो : अंगठा नाण्याखालून, चार बोटं वरून. बोटांच्या आड नाणं झाकलं गेलं की डावा अंगठा सैल सोडा. नाणं डाव्याच हातात, बोटांच्या मुळाशी पडतं. उजवी मूठ मिटते आणि निघून जाते. झालं. याला फ्रेंच ड्रॉप म्हणतात, आणि दहा मिनिटांत तो कुणालाही येतो.

येतो, पण फसवत मात्र नाही. कारण नवशिका सगळी मेहनत नाणं लपवणाऱ्या हातावर करतो. डावी मूठ घट्ट आवळतो, अंगाशी घेतो, घाईनं खिशाकडे नेतो. जणू ओरडून सांगतो, इथं आहे! खरं काम उजव्या, रिकाम्या मुठीचं आहे. तिला नाणं मिळालंय असं आधी तुम्हालाच वाटायला हवं.

म्हणून उपाय असा : दहा वेळा नाणं खरंच घ्या. घेताना स्वतःकडे बघा. कोपर किती उचललं जातं? नजर कधी वळते? नाणं घेतलेली मूठ आपण कचकचून आवळत नाही, आत नाण्याएवढी जागा राहते. डावा हात काम संपल्यावर आपसूक खाली येतो, आळशासारखा. अकराव्या वेळी हेच सगळं तसंच करा, फक्त नाणं घेऊ नका. एका खोट्याला दहा खरे, हे प्रमाण महिनाभर सोडायचं नाही.

नजरेचं म्हणाल तर त्याचा पुरावाच आहे. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा खरंच वर उडवतो, तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो, चेंडू हातातच. स्वतः तो नजर वर नेतो तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांना चेंडू हातातून सुटून वर जाताना ‘दिसतो’. तो आपल्याच हाताकडे बघत राहिला, की प्रमाण एक तृतीयांशावर येतं. लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा चेंडू ‘दिसला’ त्या जागी बहुतेकांचे डोळे गेलेच नव्हते. ते जादूगाराचा चेहरा वाचत होते. सांगायचं एवढंच की डाव्या हाताकडे चोरून टाकलेला तुमचा एक कटाक्ष आठवडाभराची मेहनत बुडवतो.

याच कारणानं आरशापुढचा सराव मला फारसा पटत नाही. आरशात बघायचं तर डोळे आरशात अडकतात, मुठीमागे जात नाहीत. शिवाय नेमक्या खोट्या क्षणी पापणी मिटायची खोड लागते आणि तुम्हालाच ती कळत नाही. मोबाइल उभा करा, चित्रण करा, मग बघा. तो थोडा खालीही ठेवा, कारण समोर सतरंजीवर बसलेल्या पोरांना खालून नाणं पडताना सरळ दिसतं. डावीकडच्या माणसालाही दिसतं. त्याला उठवून समोर बसवा.

अजून एक अडचण उरते : नाणं या हातातून त्या हातात घ्यायचंच कशाला? कारण नसलेली हालचाल लोक लक्षात ठेवतात. तेव्हा डाव्या बाजूला पेन ठेवा. नाणं उजव्या मुठीत ‘घेतलं’, कारण डाव्या हातानं पेन उचलायचं आहे. पेन धरलेली मूठ अर्धवट मिटलेली का, हे कुणी विचारत नाही. रस्त्यावरच्या गारुड्याच्या हातात डमरू असतो, तो काय नुसता आवाजासाठी?

माझा पहिला प्रयोग सात वर्षांच्या भाच्यापुढे झाला. उजवी मूठ ऐटीत उघडली, रिकामी. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मामा, दुसरी दाखव.” मी दहा रुपये त्यालाच देऊन टाकले.

पेनचा शोध मला त्यानंतर लागला. पुढच्या आठवड्यात नाणं परत आणू, त्याच्या कानामागून.