कडेला सपाट बसणारं कार्ड

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे गावात लग्नांची शूटिंग करणारे, महा ई-सेवा केंद्र चालवणारे आणि रोज गाडीने बडनेऱ्याला अभियांत्रिकी शिकायला जाणारे, या सगळ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘भाऊ, लॅपटॉप फुल झाला, कुठं जागा होते काय पाहा ना.’ यंत्र चांगलं चालत असतं. पडदा स्वच्छ, कळा शाबूत. पण आतली १२८ जीबी जागा कधीच भरलेली असते, आणि नवा लॅपटॉप सोयाबीन-कपाशीच्या हिशेबात बसत नाही. मग कोणी पेनड्राइव्ह कायमचा खोचून ठेवतो, कोणी बाहेरची हार्ड डिस्क पिशवीतून वागवतो. या दोन्हींपेक्षा नेटकी सोय बाजारात येऊन दशक उलटलं. तिची ओळख आमच्याकडे थोड्यांनाच आहे, आणि ज्यांना आहे त्यांच्यातले बरेच जण तिच्याकडून नको ते काम करून घेतात.

कित्येक लॅपटॉपच्या कडेला कॅमेऱ्याचं एसडी कार्ड घालायचा स्लॉट असतो. त्यात आखूड अंगाचा एक ॲडॅप्टर सरकवायचा आणि ॲडॅप्टरच्या पोटात मायक्रो-एसडी कार्ड ठेवायचं. बसल्यावर त्याचं टोक लॅपटॉपच्या कडेशी असं मिळून जातं, की बोट फिरवलं तरी अडत नाही. काढायचा तर टोकाशी असलेल्या बारीक कंगोऱ्याला नख अडकवून ओढायचा. एवढंच ते साधन.

हे आखूड अंग का लागलं, याचं उत्तर मॅकबुकच्या घडणीत आहे. ॲपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोला आणि २०१० मध्ये तेरा इंची मॅकबुक एअरला एसडी स्लॉट दिला, पण त्याची खोली कमी ठेवली. एसडी कार्ड ३२ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असतं. या स्लॉटात ते निम्म्याच्या आसपास बाहेर राहतं. कॅमेऱ्यातले फोटो उतरवून कार्ड लगेच काढायचं, तेव्हा ते बाहेर राहिलं तरी बिघडत नाही. पण कार्ड कायमचं आत ठेवायचं म्हटलं की गाडीच्या गर्दीत एक धक्का पुरतो. कार्ड तुटतं आणि सोबत स्लॉटातले संपर्कही वाकतात. मायक्रो-एसडी मात्र १५ बाय ११ मिलिमीटर आणि जाडीला एक मिलिमीटर. ते उथळ स्लॉटातही सहज मावेल, फक्त त्याला एसडीचा आकार हवा. ‘निफ्टी मिनीड्राइव्ह’ नावाच्या ॲडॅप्टरने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले तेव्हा अपेक्षेच्या कितीतरी पट रक्कम जमली. पुढे तैवानच्या ट्रान्सेंडने कार्ड आणि ॲडॅप्टर एकाच तुकड्यात घडवून ‘जेटड्राइव्ह लाइट’ काढलं. स्लॉटाची खोली दर मॉडेलला वेगळी असल्यामुळे दोघांनाही वेगवेगळ्या लांबीचे तुकडे विकावे लागले. म्हणून विकत घेताना लॅपटॉपचं मॉडेल आणि साल दोन्ही पाहावं लागतं. एका मॉडेलचा ॲडॅप्टर दुसऱ्यात एक तर आत रुतून बसतो किंवा बाहेर डोकावतो.

या ॲडॅप्टरमध्ये एकही चिप नसते, हे मला त्याचं सगळ्यात देखणं अंग वाटतं. एका बाजूला मायक्रो-एसडीचे आठ संपर्क, दुसऱ्या बाजूला एसडीचे नऊ, आणि मधे धातूच्या बारीक पट्ट्या. नववा संपर्क म्हणजे जास्तीचं ग्राउंड. सारी बुद्धी कार्डात : साठवणारी फ्लॅश मेमरी आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर, दोन्ही त्या एक मिलिमीटर जाडीत. तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून आणलं. मायक्रो-एसडी २००५ मध्ये मोबाइलसाठी प्रमाण ठरलं. पुढे एसडीएक्ससी प्रमाणाने कमाल मर्यादा दोन टीबीपर्यंत नेली. लॅपटॉपच्या पोटात जागा वाढवता येत नसताना त्याच्या कडेला ती वाढवता येते, ती मोबाइलसाठी झालेल्या या कामामुळे.

एसडी कार्डाच्या डाव्या अंगाला ‘लॉक’ची छोटी सरकपट्टी असते. ती कार्डातल्या कशालाही जोडलेली नसते. ती कुठे आहे हे स्लॉटातली कळ चाचपते आणि लॅपटॉपला सांगते. आखूड ॲडॅप्टरला सरकपट्टी नसते. त्याच्या कडेची घडण अशी असते की कळ दाबली जावी आणि कार्ड लिहिण्यासाठी खुलं राहावं. जिनिंगच्या दिवसांतली धूळ त्या कळेत बसली, तर चांगलं कार्डही ‘फक्त वाचता येईल’ म्हणू लागतं. अशा वेळी आधी स्लॉट हवेने साफ करून पाहावा, कार्ड फेकायची घाई करू नये.

हे फक्त महागड्या मॅकवाल्यांचं प्रकरण आहे असं मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या आयबॉलने २०१६ मध्ये ९,९९९ रुपयांचा कॉम्पबुक आणला. त्यात बोर्डावरच सोल्डर केलेली ३२ जीबीची साठवण होती. विंडोज १० आणि त्याचे अपडेट एवढ्या जागेत जेमतेम मावत, मग बाकी सगळ्यासाठी मायक्रो-एसडीचा स्लॉट. रिलायन्सने २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आणलेल्या जिओबुकात ६४ जीबी होती, आणि कार्ड लावून ती २५६ जीबीपर्यंत नेता येईल असं कंपनीच सांगत होती. म्हणजे स्वस्त लॅपटॉपात कार्ड ही हौस नाही, गरज आहे. ज्या विंडोज लॅपटॉपांत एसडी स्लॉट पूर्ण खोल असतो, त्यांना आखूड ॲडॅप्टरही लागत नाही. मायक्रो-एसडीसोबत फुकट येणारा साधा ॲडॅप्टरच आत सपाट बसतो. आधी तो घालून पाहावा.

आता वेग. तो समजायला आमच्याकडच्या रेल्वेचं उदाहरण घेऊ. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला तेव्हा तो आमच्या चांदूरवरून गेला, बडनेऱ्यावरून गेला, पण अमरावती शहराला बगल देऊन गेला. अमरावतीला बडनेऱ्याहून शाखा काढावी लागली. आतली एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची मूळ साठवण, हा मुख्य मार्ग आणि कार्ड ही ती शाखा. आतली साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत वाचते. यूएचएस-वन जातीच्या कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, आणि लिहिताना ते त्याहून बरंच खाली येतं. शिवाय स्वस्त लॅपटॉपातला कार्ड रीडर कित्येकदा आतून यूएसबी २.० वर जोडलेला असतो. तिथे कार्ड कितीही चांगलं घेतलं तरी तीस-पस्तीस एमबीच्या पुढे जात नाही. एका लग्नाची ६० जीबी शूटिंग उतरवायची, तर साठ एमबीच्या वेगाने सतरा मिनिटं आणि तीसच्या वेगाने तेहतीस मिनिटं लागतात. अल्बम झालेल्या जुन्या लग्नांसाठी एवढा वेळ चालतो. चालू एडिटिंगची फाइल त्यावर ठेवली, तर टाइमलाइन प्रत्येक कटला अडखळते आणि एडिटर लॅपटॉपला दोष देत बसतो.

म्हणून कार्डावर काय ठेवायचं, याचा नियम स्वतःशी पक्का करावा. गाणी, चित्रपट, पूर्ण झालेली कामं, पुस्तकांच्या पीडीएफ, सॉफ्टवेअर बसवायच्या फाइली, मागच्या वर्षांचे अर्ज : हे सगळं कार्डावर. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, टॅलीचा चालू डेटा, एडिटिंगचं चालू काम : हे आत. कारण नुसतं वेगाचं नाही. अशा कामात बारीक बारीक नोंदी सारख्या लिहिल्या-पुसल्या जातात. फ्लॅशची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते, आणि कार्डातला कंट्रोलर ती झीज सगळ्या पेशींवर वाटण्यात एसएसडीएवढा तरबेज नसतो. ॲपल तर फोटोंची लायब्ररी एसडी कार्डावर ठेवू नका, असं स्पष्ट सांगते. हा सल्ला मला पटतो. लायब्ररी म्हणजे एक डेटाबेस असतो, आणि तो मधेच तुटला तर एखादा फोटो नव्हे, सगळी मांडणीच जाते.

मधेच तुटणं आमच्याकडे रोजचं आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, तो चार्जरवरच चालतो, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. त्या क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर गोष्ट कार्डाच्या फॉरमॅटवर येते. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं दुकानातून एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. एक्सफॅट मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालतं, पण अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ते ठेवत नाही. विंडोजचं एनटीएफएस ती ठेवतं, मॅकचं जर्नल असलेलं फॉरमॅटही ठेवतं. कार्ड एकाच लॅपटॉपात कायम राहणार असेल, तर आल्या दिवशीच ते एनटीएफएसमध्ये किंवा मॅकच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये करून घ्यावं. या पाच मिनिटांच्या कामाने ‘कार्ड करप्ट झालं’ हे रडगाणं पुष्कळ कमी होईल. वऱ्हाडच्या पंचेचाळीस अंशांची भीती मात्र फार बाळगू नये. चांगल्या कंपन्यांची कार्डं ८५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात. उन्हात आधी मान टाकते ती बॅटरी.

त्याहून मोठा धोका बनावट कार्डांचा. नामांकित कंपनीचा छापा, पाकिटावर ५१२ जीबी, आणि किंमत निम्मीसुद्धा नाही. आत प्रत्यक्षात १६ किंवा ३२ जीबी असते. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. लॅपटॉप विचारतो तेव्हा तो ५१२ सांगतो, फाइली घेत राहतो, नावं दाखवत राहतो, आणि खरी जागा संपली की नवं लिहिलेलं जुन्यावरच चढवतो किंवा टाकून देतो. खोट उघड व्हायला महिने लागतात, तोवर मूळ फाइली आतून पुसलेल्या असतात. जवळच्या सावंगा विठोबा गावातल्या गुढीपाडव्याच्या यात्रेचं चित्रीकरण असं गेलं, तर ते पुन्हा करायला पुढचा पाडवा उजाडावा लागतो. त्यामुळे नवं कार्ड कुठूनही घेतलेलं असो, आधी ते पूर्ण भरून तपासावं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री हे फुकट प्रोग्राम कार्डाचा कोपरा न् कोपरा लिहून परत वाचतात. रात्री लावून ठेवलं की सकाळी निकाल हाती. १२८ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ११९ दिसलं तर त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, एवढाच तो फरक.

खरं कार्डही एक दिवस जातंच, आणि बहुतेक वेळा पूर्वसूचनेशिवाय. मायक्रो-एसडीत चिप आणि कंट्रोलर एकाच साच्यात ओतलेले असल्यामुळे त्यातून डेटा काढणं अवघड आणि महाग पडतं. दुसरी प्रत घरातल्या साध्या हार्ड डिस्कवर हवीच. कार्डाने जागा वाढते, सुरक्षितता वाढत नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी फार ठिकाणी पाहतो.

ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून हा स्लॉट काढून टाकला होता. छायाचित्रकारांची नाराजी पाच वर्षं टिकली आणि २०२१ च्या चौदा व सोळा इंची मॉडेलांत स्लॉट परत आला. कार्ड त्यातही निम्मं बाहेरच राहतं, म्हणून ट्रान्सेंडचे आखूड तुकडे तिथेही खपतात. साठवण बोर्डावर पक्की करून ग्राहकाला दुप्पट जागेसाठी भरमसाट पैसे मोजायला लावायचे, हे धोरण मला अन्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच यंत्राच्या कडेला उरलेल्या या एका फटीचं मोल मला जास्त वाटतं.

शेवटी एक गोष्ट सेवा केंद्रवाल्यांसाठी. हे कार्ड दिसत नाही, हाच त्याचा गुण आहे आणि हीच त्याची जोखीम. लॅपटॉप दुरुस्तीला देताना किंवा जुना म्हणून विकताना आतली डिस्क आठवणीने पुसली जाते, पण कडेत बसलेलं कार्ड तसंच दुसऱ्याच्या हाती जातं. त्यावर गावातल्या लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, सातबारे, जातीचे दाखले असतात. ज्यांचे कागद आहेत त्यांना ते कुठे गेले याचा पत्ताही लागत नाही. असे कागद ठेवायचेच असतील तर कार्ड पासवर्डने कुलूपबंद करावं. मॅकवर डिस्क युटिलिटीतून आणि विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरने ते करता येतं. अर्ज मंजूर झाला की त्या माणसाचं फोल्डर काढून टाकावं. आणि लॅपटॉप हातावेगळा करायच्या आधी कडेवरून एकदा नख फिरवावं, तो बारीक कंगोरा लागतो का ते पाहावं, आणि लागला तर कार्ड ओढून खिशात ठेवावं.