पित्ताशयाचा कर्करोग : धोका कोणाला?

पित्ताशयाचा कर्करोग तुलनेने विरळ आहे. २०२२ मध्ये जगभरात त्याचे सुमारे १ लाख २२ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. मात्र त्याचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. चिली देशात तसेच आपल्याकडे उत्तर प्रदेश, बिहार व आसाम येथे ते अधिक, तर महाराष्ट्रात त्या मानाने कमी आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, विशेषतः पन्नाशीनंतर, हा धोका जास्त असतो.

बहुतेक रुग्णांच्या पित्ताशयात खडे आढळतात. परंतु खडे असणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना कर्करोग होतो. म्हणून सोनोग्राफीत खडा दिसताच भयभीत होऊ नये. ३ सेंटिमीटरहून मोठा खडा, १ सेंटिमीटरहून मोठा पॉलिप किंवा स्थूलता असल्यास मात्र वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

उजव्या बरगडीखालचे वारंवारचे दुखणे ‘पित्त झाले’ म्हणून अंगावर काढू नये, ही आमची आग्रहाची विनंती. कावीळ दिसेपर्यंत आजार बहुधा बळावलेला असतो. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयाची पॅथॉलॉजी तपासणी झाली का, हेही प्रत्येक रुग्णाने आवर्जून विचारावे. प्रारंभावस्थेतील कर्करोग अनेकदा त्या अहवालातूनच उघडकीस येतो आणि तेव्हा तो बरा होण्याची आशा सर्वाधिक असते.