सिमोन नावाची पिढी

सिमोन टाटा डिसेंबर २०२५मध्ये मुंबईत वारल्या, वयाच्या ९५व्या वर्षी. रतन टाटांच्या सावत्र आई, नोएल टाटांच्या आई अशी ओळख बातम्यांनी आधी करून दिली, ‘लॅक्मे’चं नाव मागून आलं. क्रम उलटा हवा होता. जिनिव्हा या फ्रेंचभाषक शहरात १९३० साली जन्मलेली ही मुलगी १९५३मध्ये पर्यटक म्हणून भारतात आली, १९५५मध्ये नवल टाटांशी लग्न करून मुंबईकर झाली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘लॅक्मे’च्या संचालक मंडळावर गेली. टाटा ऑइल मिल्सनं १९५२मध्ये काढलेली ही कंपनी तेव्हा लहानच होती. पावडर आणि कुंकू यापलीकडे चेहऱ्याला काही लावणाऱ्या बाईकडे भुवया उंचावून पाहण्याचा तो काळ. अशा बाजारात त्यांनी लिपस्टिक आणि नेलपॉलिश रुळवलं. १९८२मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. पुढे नव्वदच्या दशकात ‘लॅक्मे’ हिंदुस्थान लिव्हरकडे गेली, तेव्हा त्या पैशातून ‘ट्रेंट’ ही दुकानांची कंपनी उभी राहिली. ‘वेस्टसाइड’ आणि ‘झुडिओ’ ही तिचीच दुकानं.

त्यांच्या जाण्यानं एका पिढीचा मागोवा घ्यावासा वाटतो. घराण्यांनी नव्हे, फक्त नावानं जोडलेली पिढी. सिमोन हे सिमों या पुरुषी नावाचं फ्रेंच स्त्रीरूप. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत फ्रान्समध्ये हे नाव घरोघरी होतं, आपल्याकडे कुसुम, मालती, सुशीला होत्या तसं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते मागे पडलं आणि आजीच्या पिढीचं होऊन बसलं. म्हणून प्रसिद्ध सिमोन शोधायला गेलं की बहुतेक जणी १९०८ ते १९३० या बावीस वर्षांत जन्मलेल्या निघतात.

यांतल्या बहुतेक मुली ज्या देशात वाढल्या तो क्रांतीचा, समतेच्या घोषणेचा देश. पण तिथे बाईला मत नव्हतं. मुंबई इलाख्यात, मालमत्तेच्या अटीवर का होईना, स्त्रियांना मतदानाचा हक्क १९२१मध्ये मिळाला होता. फ्रेंच स्त्रियांना तो १९४४मध्ये मिळाला आणि त्यांनी पहिलं मत टाकलं एप्रिल १९४५मध्ये. नवऱ्याच्या संमतीशिवाय विवाहितेला स्वतःचं बँक खातं उघडता यावं, ही सोय व्हायला तर १९६५ साल उजाडलं. तेव्हा या सिमोननी जे केलं ते कायद्याच्या आधाराने केलेलं नाही. उलट, कायदाच त्यांच्यामागून फरफटत आला.

१९२७ साली पॅरिसमध्ये सामान्य तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राच्या परीक्षेचा निकाल लागला. पहिली आली सिमोन व्हेय, दुसरी सिमोन द बोव्हुआर. पुढे नामवंत झालेला तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती तिसरा. एक मुलगी अठरा वर्षांची, दुसरी एकोणीस. दोघी पॅरिसच्याच, दोघी हुशार. पण त्यांची मैत्री कधी जमली नाही. का जमली नाही ते बोव्हुआरनं १९५८च्या आपल्या आत्मकथनात प्रांजळपणे सांगितलं आहे. चीनमध्ये दुष्काळ पडला होता आणि ती बातमी ऐकून व्हेय रडली, असं तिच्या कानावर आलेलं. सोरबोनच्या आवारात दोघींची गाठ पडली, तेव्हा व्हेय म्हणाली की सगळ्यांच्या पोटाला अन्न देणारी क्रांती हवी, बाकी सगळं गौण. बोव्हुआरचं म्हणणं, माणसांना सुखी करणं हा प्रश्नच नाही, त्यांना जगण्याचा अर्थ सापडला पाहिजे. त्यावर व्हेयनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तू कधी उपाशी राहिलेली दिसत नाहीस, अशा अर्थाचं सुनावलं. संवाद तिथेच संपला.

भाकरी आधी की अर्थ आधी, हा तो वाद. दोघींनीही तो पुढे आयुष्यभर आपापल्या परीने लढवला.

व्हेयनं तो अंगावर घेतला. तत्त्वज्ञानाची शिक्षिका असताना रजा काढून डिसेंबर १९३४मध्ये ती पॅरिसच्या अल्स्टॉम कारखान्यात मजूर म्हणून लागली. तिचे हात लहान, कामाची सवय नाही, डोकेदुखी तर पाचवीला पुजलेली. काम काय, तर तांब्याची वेटोळी भट्टीत घालायची आणि वेळ भरताच बाहेर काढायची. भट्टीचं तोंड उघडलं की ज्वाळा हातांपर्यंत येत. मजुरी नगावर, त्यामुळे भाजलं म्हणून थांबलं तर त्या दिवसाचे पैसे गेले. संध्याकाळी ती किती नग झाले, किती बाद झाले, किती पैसे सुटले याची टिपणं काढी. शेवटची नोकरी रेनॉच्या मोटार कारखान्यात, तीही ऑगस्ट १९३५मध्ये संपली. त्या अनुभवातून तिनं काढलेला निष्कर्ष क्रांतीवाद्यांना पटणारा नव्हता. सततच्या दडपणातून बंड जन्मत नाही, मुकाट सोसण्याची सवय जन्मते, असं तिचं मत झालं.

भारताशी तिचा धागा भावाकडून जुळला. गणितज्ञ आंद्रे व्हेय १९३० ते १९३२ या काळात अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात शिकवत होता, आणि त्यालाही गीतेची ओढ होती. सिमोननं युद्धाच्या धामधुमीत मार्सेयमध्ये संस्कृत शिकायला घेतलं, ते गीता मुळातून वाचता यावी म्हणून. शस्त्र उचलावं की नाही, हा अर्जुनाचा प्रश्न तेव्हा प्रत्येक फ्रेंच माणसासमोर उभा होता. ती पुढे लंडनला गेली, तिथे क्षयानं गाठलं, पण मायदेशातल्या लोकांना शिधापत्रिकेवर मिळतं त्याहून जास्त खायला ती तयार होईना. २४ ऑगस्ट १९४३ रोजी केंट परगण्यातल्या ॲशफर्डच्या आरोग्यधामात ती गेली. वय ३४. तिचं जवळजवळ सगळं महत्त्वाचं लेखन मरणोत्तर छापलं गेलं.

त्याच युद्धात आणखी सिमोन होत्या. शार्त्र शहराजवळच्या खेड्यातली सिमोन सेगुएँ अठराव्या वर्षी ‘निकोल’ या खोट्या नावाच्या कागदपत्रांवर प्रतिकार चळवळीत शिरली. ऑगस्ट १९४४मध्ये शार्त्र मुक्त झालं तेव्हाचे तिचे फोटो जगभर गेले: अंगात आखूड विजार, डोक्यावर टोपी, हातात जर्मनांकडून हिसकावलेली बंदूक. ती ९७ वर्षं जगून २०२३मध्ये गेली. सिमोन कामिंकरनं ज्यू बापाचं आडनाव झाकून आईचं लावलं आणि ती सिमोन सिन्योरे झाली. १९६०मध्ये ‘रूम ॲट द टॉप’साठी तिला ऑस्कर मिळालं.

तिचं नाव पुढे समुद्र ओलांडून गेलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाची युनिस वेमन १९५४मध्ये अटलांटिक सिटीच्या बारमध्ये पियानो वाजवू लागली. धार्मिक आईला कळू नये म्हणून तिला टोपणनाव हवं होतं, आणि सिन्योरे तिच्या आवडीची. त्यातून नीना सिमोन जन्मली, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा आवाज झाली, आणि २००३मध्ये तिनं देह ठेवला तो फ्रान्समध्येच.

युद्धातल्या या सगळ्या सिमोनपैकी एकीची कहाणी मात्र वेगळी. नीस शहरातली सिमोन जाकोब सोळा वर्षांची होती. २९ मार्च १९४४ रोजी तिनं शालान्त परीक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी गेस्टापोनं तिला रस्त्यात पकडलं. एप्रिलमध्ये आई आणि बहिणीसह तिला आउश्वित्झला नेलं. फलाटावर उतरताच एका कैद्यानं कानात सांगितलं, वय अठरा सांग. तिनं सांगितलं आणि मजुरांच्या रांगेत गेली, म्हणून वाचली. हातावर ७८६५१ हा क्रमांक गोंदला गेला. आई मार्च १९४५मध्ये बर्गन-बेल्सनच्या छावणीत टायफसनं गेली. वडील आणि भाऊ बाल्टिक प्रदेशाकडे नेले गेले, ते परतलेच नाहीत.

परतल्यावर ती कायदा शिकली, तिनं आंत्वान व्हेयशी लग्न केलं. तत्त्वज्ञ व्हेयशी नातं काही नाही. आडनावांचं स्पेलिंग वेगळं, उच्चार तेवढा सारखा. युद्धानंतर काही वर्षांनी जर्मनीतल्या एका समारंभात एका बड्या फ्रेंच अधिकाऱ्यानं तिच्या हातावरचा आकडा पाहून हसत विचारलं, हा कोट ठेवायच्या खोलीचा नंबर वाटतं? त्यानंतर बराच काळ ती लांब बाह्यांचेच कपडे घालत असे. छावणीतून आलेल्यांचं ऐकायलाही कुणाला नको होतं, हे तिच्या बोलण्यात पुढे वारंवार येई.

इकडे १९४९मध्ये गालिमार या एकाच प्रकाशन संस्थेनं जुन्या वादातल्या दोघींची पुस्तकं काढली. दिवंगत व्हेयचं माणसाच्या मुळांविषयीचं पुस्तक आल्बेर काम्यूनं आपल्या मालिकेत घेतलं. बोव्हुआरच्या ‘द सेकंड सेक्स’चा पहिला खंड आठवडाभरात सुमारे २२ हजार खपला आणि शिव्यांचा पाऊस पडला. १९५६मध्ये व्हॅटिकननं त्याला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं. बाईपण निसर्ग देत नाही, समाज घडवतो, हा त्याचा गाभा. बोव्हुआरची मूर्ती करून पुजण्याचं कारण नाही. एका विद्यार्थिनीच्या आईनं केलेल्या तक्रारीवरून १९४३मध्ये तिची शिक्षिकेची नोकरी गेली होती, आणि तिच्या तरुण मैत्रिणींपैकी काहींनी पुढे तिच्याविषयी कडवटपणे लिहिलं. पण पुस्तकाचं वजन त्यानं कमी होत नाही. शिवाय म्हातारपणी ती लिहिण्याच्या टेबलापाशी बसून राहिली नाही. एप्रिल १९७१मध्ये ३४३ स्त्रियांनी आपण बेकायदा गर्भपात केल्याचं जाहीर निवेदन छापलं, त्याचा मजकूर बोव्हुआरचा. सही करणाऱ्यांत कात्रीन दनव्ह आणि मार्गरीत द्युरास होत्या. पुढच्या वर्षी बोबिन्यीच्या खटल्यात ती साक्षीला उभी राहिली. बलात्कारातून गर्भ राहिलेली सोळा वर्षांची मुलगी आणि तिला मदत करणारी, पॅरिसच्या मेट्रोत नोकरीला असलेली आई, या दोघी तिथे आरोपी होत्या. वकील जिझेल अलिमी यांनी खटला कायद्यावरच उलटवला. मुलगी सुटली.

कायदा बदलायचं काम मात्र मे १९७४मध्ये आरोग्यमंत्री झालेल्या व्हेयबाईंच्या वाट्याला आलं. २६ नोव्हेंबर १९७४ रोजी त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहात ४९० सदस्य होते आणि त्यांत स्त्रिया नऊ. जवळजवळ निव्वळ पुरुषांच्या सभेपुढे हे मांडावं लागतंय, याबद्दल त्यांनी सुरुवातीलाच बोलून घेतलं. कोणतीही बाई हसतखेळत गर्भपाताला जात नाही, आणि वर्षाला ३ लाख गर्भपात चोरून होत असताना डोळे मिटून घेणं आता शक्य नाही, हा त्यांचा युक्तिवाद. पैसेवाली परदेशी जाऊन सुटते, गरीब बाई जिवानिशी जाते, ही विषमता त्यांनी पुढे ठेवली. चर्चेत एका सदस्यानं थेट नाझींच्या भट्ट्यांचा दाखला दिला, तोही आई छावणीत गमावलेल्या बाईसमोर. त्या रात्रीचा, चेहरा हातांत धरलेला त्यांचा फोटो रडण्याचा म्हणून फिरतो. आपण रडत नव्हतो, थकलो होतो, असं त्यांनीच नंतर सांगितलं. २९ नोव्हेंबरच्या पहाटे २८४ विरुद्ध १८९ मतांनी विधेयक मंजूर झालं. सत्ताधाऱ्यांतल्या बहुतेकांनी साथ सोडली, विरोधी डाव्यांनी तारलं. जानेवारी १९७५पासून कायदा अमलात आला.

या बाबतीत भारत फ्रान्सच्या पुढे होता, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४मध्ये समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून गर्भपाताचा कायदा १९७१मध्ये झाला. मात्र दोन्ही कायद्यांच्या मुळाशी फरक आहे. आपला कायदा डॉक्टरच्या मतावर उभा आहे. परवानगी योग्य की नाही ते डॉक्टर ठरवतो. व्हेय कायद्यानं, पहिल्या दहा आठवड्यांत, शेवटचा शब्द त्या बाईचा मानला. मार्च २०२४मध्ये फ्रान्सनं हे स्वातंत्र्य राज्यघटनेत घातलं, ७८० विरुद्ध ७२ मतांनी.

व्हेयबाई १९७९मध्ये थेट निवडून आलेल्या पहिल्या युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झाल्या. फ्रेंच अकादमीत गेल्यावर सदस्याला मिळते त्या तलवारीवर त्यांनी ७८६५१ हा क्रमांक कोरून घेतला. ३० जून २०१७ रोजी त्या गेल्या आणि वर्षभरानं पाँतेओं या फ्रान्समधल्या थोरांच्या समाधिस्थळी त्यांचं दफन झालं. तिथे मान मिळालेल्या त्या पाचव्याच स्त्री.

सोरबोनच्या आवारातला तो वाद कुणी जिंकला, असं विचारलं तर माझं उत्तर, दोघींपैकी कुणीच नाही. भाकरीवाली आपल्या तत्त्वापायी उपाशी गेली, अर्थवालीला अखेर गरीब आरोपींच्या बाजूनं कोर्टात उभं राहावं लागलं. गरिबीचा प्रश्न आणि स्वातंत्र्याचा प्रश्न एकच असतो, हे कायद्याच्या कलमांत बसवून दाखवलं ते तिसरीनं. बोव्हुआरचं ‘द सेकंड सेक्स’ करुणा गोखले यांनी मराठीत आणलं आहे, ते अनेकांच्या कपाटात असेल. फ्रेंच जाणणाऱ्या कुणी तरी २६ नोव्हेंबर १९७४चं ते भाषणही मराठीत आणून त्याच्या शेजारी ठेवावं. आपल्या विधिमंडळांत बायकांविषयीच्या कायद्यांवर बोलणाऱ्यांनी तर ते आधी वाचावं.