रेडरुथ : भूतपूर्व खाणनगरीतील अल्पकालीन पर्यटनाचे नियोजन

प्रस्तावना

पर्यटन म्हटले की निसर्गरम्य स्थळे, देवालये, राजवाडे आणि किल्ले यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. ज्या ठिकाणी सामान्य माणसे पिढ्यान्‌पिढ्या कष्टली, ती कामाची ठिकाणे दीर्घकाळ पर्यटनाच्या कक्षेबाहेर राहिली. औद्योगिक वारसा पर्यटनाच्या संकल्पनेमुळे हे चित्र बदलले आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील कॉर्नवॉल परगण्यातील रेडरुथ हे गाव या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. प्रस्तुत लेखात तेथील दोन दिवसांच्या प्रवासाचे नियोजन कसे करावे, याचे विवेचन केले आहे. बंद पडलेली खाण केवळ नयनरम्य अवशेष म्हणून पाहावी की एका समाजाच्या उपजीविकेचा इतिहास म्हणून, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रेडरुथ व शेजारचे कॅम्बोर्न हा परिसर तांबे आणि कथील या धातूंच्या खाणींसाठी जगप्रसिद्ध होता. खाणी जसजशा खोल गेल्या, तसतशी पाण्याची समस्या बिकट झाली. पाणी उपसण्यासाठी वाफेची इंजिने आवश्यक होती. परंतु कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नव्हता. तो वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे. त्यामुळे कमी इंधनात अधिक काम करणारी इंजिने घडविणे ही तेथील अभियंत्यांची निकडीची गरज बनली. रिचर्ड ट्रेव्हिथिक याने १८०१ मध्ये कॅम्बोर्नच्या रस्त्यावर वाफेवर चालणारी गाडी चालविली, ती याच परंपरेतून.

१८६० च्या दशकात तांब्याचे भाव कोसळले आणि उतरती कळा लागली. हजारो खाणकामगार ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका व मेक्सिको येथे गेले. भारतातील कोलार येथील सोन्याच्या खाणी चालविणाऱ्या जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीमार्फत कॉर्निश खाणकामगार तेथेही पोहोचले. रेडरुथ व कॅम्बोर्न यांच्या दरम्यान असलेली साउथ क्रॉफ्टी ही कॉर्नवॉलमधील कथिलाची अखेरची चालू खाण १९९८ मध्ये बंद पडली. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. २००६ मध्ये युनेस्कोने कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हन येथील खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

प्रवासाचे नियोजन

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून रेडरुथला थेट रेल्वे असून प्रवासास सुमारे पाच तास लागतात. अनेक प्रवासी समुद्रकिनाऱ्यावरील गावी मुक्काम करून दोन तासांत खाणी 'उरकतात'. हे टाळून शक्यतो रेडरुथ येथेच दोन रात्री राहावे. खाणी गेल्यानंतर ज्या गावाचा आर्थिक आधार तुटला, त्याला प्रवाशाच्या खर्चाचा थोडा तरी लाभ मिळावा, हे त्यामागील साधे कारण होय.

पहिला दिवस यंत्रांसाठी राखून ठेवावा. नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातील ईस्ट पूल खाणीत दोन प्रचंड इंजिने जतन केली आहेत. त्यांपैकी एक माणसे व खनिज वर आणण्यासाठी, तर दुसरे पाणी उपसण्यासाठी वापरले जात असे. दुसऱ्याच्या दट्ट्याच्या नळकांड्याचा व्यास ९० इंच असून ते १९५४ पर्यंत कार्यरत होते. त्यानंतर गावातील मरडॉक याचे घर पाहावे. १७९२ च्या सुमारास त्याने येथे कोळशाच्या वायूवर दिवे लावले, असे मानले जाते. २०१९ मध्ये जुन्या मद्यनिर्मिती कारखान्याच्या जागी उभे राहिलेले क्रेसेन केर्नो हे अभिलेखागारही याच दिवशी पाहता येते.

दुसरा दिवस माणसांसाठी असावा. कार्न ब्रे टेकडीभोवती सुमारे १२ किलोमीटर लांबीची 'ग्रेट फ्लॅट लोड' ही पायवाट आहे. वाटेत ओस पडलेली इंजिनघरे व धुराडी दिसतात. कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्सच्या विद्यार्थ्यांना जेथे प्रशिक्षण मिळे, त्या किंग एडवर्ड खाणीतील संग्रहालयात खनिज दळून, धुऊन कथील वेगळे करण्याची यंत्रे आहेत. 'बाल मेडन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया खाणीच्या माथ्यावर हातोड्यांनी खनिज फोडत, हे येथे विसरता कामा नये. टेकडीवरील १८३६ चा उंच स्तंभ मात्र जमीनदार फ्रान्सिस बॅसेट याचा आहे. कोणाचे स्मारक उभे राहते आणि कोणाचे नाही, याचा विचार त्या स्तंभाखाली उभे राहून अवश्य करावा. वेळ उरल्यास ग्वेनॅप पिट हा वर्तुळाकार खळगा पाहावा. जुन्या खाणकामामुळे जमीन खचून तो निर्माण झाला असावा. तेथे जॉन वेस्ली याने १७६२ ते १७८९ या काळात अठरा वेळा प्रवचन केले.

दक्षता

काही संग्रहालये ठरावीक ऋतूत व ठरावीक वारीच खुली असतात. म्हणून तारखांची आगाऊ खातरजमा करून मगच तिकिटे काढावीत. जुन्या खाणींचे उभे कूप आणि आर्सेनिकमिश्रित माती यांमुळे आखलेली पायवाट सोडू नये. पाऊस व वारा यांची तयारी ठेवावी. दुपारच्या भोजनासाठी पेस्टी हा खाणकामगारांचा पारंपरिक पदार्थ सोयीचा ठरतो. मांस, बटाटा व कांदा यांचे सारण भरलेली ही भाजलेली करंजीच म्हणता येईल. शाकाहारी प्रवाशांना चीज-कांद्याची पेस्टी मिळू शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, खाणनगरीचे दर्शन हे यंत्र, श्रम आणि स्थलांतर या क्रमाने घडल्यास अधिक अर्थपूर्ण होते. रेडरुथची कथा संपलेलीही नाही. साउथ क्रॉफ्टी पुन्हा सुरू करण्याच्या हेतूने २०२३ मध्ये तेथील पाणी उपसण्यास प्रारंभ झाला. ज्या गावात वारसा आणि रोजगार हे दोन्ही प्रश्न अद्याप जिवंत आहेत, तेथे प्रवाशाने केवळ प्रेक्षक म्हणून जाऊ नये. स्थानिकांशी बोलावे, त्यांचे ऐकावे. दोन दिवसांच्या प्रवासातूनही श्रमाच्या इतिहासाविषयी आदर निर्माण होऊ शकतो आणि तेच अशा पर्यटनाचे खरे फलित होय.