जातीय आघात, वार्धक्य आणि स्वकथन

आयुष्यभर सोसलेल्या वंशभेदाचा वृद्धापकाळातील स्वास्थ्यावर होणारा परिणाम अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संदर्भात प्रामुख्याने आरोग्यशास्त्राने अभ्यासला आहे. अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार सततच्या सामाजिक वंचनेमुळे शरीराची अकाली झीज होते. जात आणि वंश या भिन्न कोटी आहेत. तथापि अपमानाचा दीर्घकाळ साचणारा भार हा दोहोंना जोडणारा दुवा होय. मराठीत त्याचा सर्वांत समृद्ध पुरावा दलित स्वकथनांत सापडतो.

डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीनिमित्त बडोद्यास गेले असता काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी पथिकाश्रमाबाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत, अठरा वर्षे लोटल्यावरही, त्या आठवणीने आपले डोळे भरून येतात असे ते नमूद करतात. विद्वत्ता आणि कीर्ती लाभली तरी आघात मावळला नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१९२३ मध्ये जन्मलेल्या शांताबाई कांबळे यांनी शिक्षण खात्यातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. स्थिर नोकरी पदरी पडल्यानंतरही त्यांची स्मृती बालपणीच्या भुकेकडे आणि अस्पृश्यतेकडे परतते. बेबी कांबळे यांनी तर आपले लेखन सुमारे दोन दशके घरच्यांपासून दडवून ठेवले. ते ‘जिणं आमुचं’ या नावाने १९८६ मध्ये ग्रंथरूपात आले. घराबाहेर जातीचा आणि घरात पुरुषसत्तेचा, असा दुहेरी आघात या मौनामागे होता.

येथे स्वास्थ्याची संकल्पनाच तपासून घ्यावी लागते. आरोग्यशास्त्रीय मोजणीचे एकक बहुधा व्यक्ती असते. ‘जिणं आमुचं’ या शीर्षकातील सर्वनाम मात्र अनेकवचनी आहे. लेखिका स्वतःच्या दुःखावर उतारा मागत नाही, ती समाजाचे जगणे साक्षीला आणते. फलटणजवळील निंबूरे येथे त्यांनी चालविलेली आश्रमशाळा हा त्याच साक्षीचा कृतिरूप विस्तार मानता येईल. आठवण पुसली जात नाही, परंतु तिला श्रोते आणि वारस मिळाले की तिचा भार एकट्याचा राहत नाही.

शांताबाईंचे २०२३ मध्ये, तर बेबीताईंचे २०१२ मध्ये निधन झाले. ती पिढी ओसरत असताना तौलनिक अभ्यासाने कृष्णवर्णीय आणि दलित वृद्धांची कथने शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे. झीज किती झाली हे आकडे सांगतील. ती कशी पेलली, हे मात्र या कथनांतूनच कळेल.