पाडापाडीचा सॉलिड फंडा
रॉकेटचा टॉवर बटण दाबलं की आडवा. मग अंधेरीचा गोखले पूल उतरवायला एवढ्या रात्री का लागल्या?

जुलै 2018. दोन बातम्या, मध्ये फक्त नऊ दिवस.

3 जुलैला सकाळी, ऐन ऑफिसच्या गर्दीत, अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा फुटपाथ धाडकन रुळांवर आला. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी वेळीच इमर्जन्सी ब्रेक लावला, म्हणून लोकल वाचली. पुलाखाली सापडलेल्यांपैकी दोघं मात्र गेले.

12 जुलैला अमेरिकेत केप कॅनव्हेरलला लाँच कॉम्प्लेक्स 17 चे उंच टॉवर स्फोटकांनी पाडले. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी.

हे टॉवर काही ऐरेगैरे नव्हते, बरं का! 2003 मध्ये मंगळावर गेलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्या इथूनच उडाल्या. तुमच्या कॅबवाल्याला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसचे कितीतरी उपग्रहही इथलेच. शेवटचं उड्डाण सप्टेंबर 2011 मध्ये झालं. म्हणजे टॉवर आधी रीतसर रिटायर झाले आणि मग सावकाश, तयारीने पाडले गेले.

धमाका शेवटी, घाम आधी

टीव्हीवर आपल्याला दिसतात ते शेवटचे दहा सेकंद. खरं काम त्याआधीचं. अशा जागी रॉकेटच्या विषारी इंधनाचे पाइप रिकामे करून धुवावे लागतात. वायरी आणि यंत्रं काढायची, टॉवर कुठल्या बाजूला पडणार याचं गणित मांडायचं, माणसं लांब न्यायची. मग बटण. आजूबाजूला मोकळं मैदान आणि पलीकडे समुद्र, त्यामुळे टेन्शन तसं कमी.

आता अंधेरीला या. खाली पश्चिम रेल्वेचे रूळ, रुळांवर 25,000 व्होल्टची वायर, दोन्ही बाजूंना दुकानं आणि इमारती. इथे स्फोटकांचं नाव काढायचं नाही! 7 नोव्हेंबर 2022 ला पूल बंद झाला. रुळांवरचा भाग रेल्वेने उतरवला, बाकीचा महापालिकेने. वेळ कुठली? शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली यायच्या आत, रात्रीचे ब्लॉक घेऊन.

अशा ब्लॉकमध्ये आधी वायरचा करंट बंद. तेवढ्यावर भागत नाही. शेजारच्या चालू वायरमुळे बंद वायरमध्येही करंट उतरू शकतो, म्हणून ती जमिनीला जोडून 'अर्थ' करतात. त्यानंतरच माणूस वर चढतो. पूल बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडवायचा: आधी वरचं डांबर आणि फुटपाथ, मग स्लॅबचे तुकडे, शेवटी क्रेनने गर्डर. क्रम चुकला तर राहिलेल्या भागाचा तोल जातो. पहाट व्हायच्या आत रूळ मोकळे हवेत. एक नट जरी रुळावर राहिला तरी पहिल्या लोकलची वाट लागणार.

आमचे हाल, पण...

माझं घर वेस्टला, ऑफिस ईस्टला. पूल बंद असताना विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, जोगेश्वरीचा फ्लायओव्हर आणि पावसात हमखास भरणारा अंधेरी सबवे, सगळं फिरून झालं. रिक्षात बसून मीसुद्धा वैतागून म्हटलंय, 'अरे, एकदाचा पाडा ना झटपट!' 26 फेब्रुवारी 2024 ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, तर पूर्ण पूल मे 2025 मध्ये. मधल्या काळात बर्फीवाला पुलाशी उंची न जुळल्याचे जोक्सही आपण मनसोक्त फॉरवर्ड केले.

मला मात्र खटकतं ते वेगळंच. पूल 1975 च्या सुमाराचा. अपघाताच्या चौकशीत गंजलेलं लोखंड आणि फुटपाथवर वाढत गेलेला केबल, पेव्हर ब्लॉकचा भार यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे म्हाताऱ्याच्या खांद्यावर आपण दरवर्षी नवं गाठोडं ठेवत गेलो आणि तब्येत विचारायला विसरलो. फुटपाथ कोसळल्यावर शहरातल्या 445 पुलांची तपासणी जाहीर झाली.

रॉकेटवाल्यांचं शिकण्यासारखं आहे ते एवढंच. बांधलेल्या प्रत्येक गोष्टीला रिटायरमेंटची तारीख हवी, आणि ती आपण ठरवायला हवी. आपण नाही ठरवली, तर पूल स्वतः ठरवतो. तोही सकाळच्या गर्दीत.

त्यामुळे मंडळी, पुढच्या वेळी पूल बंद किंवा रात्रीचा ब्लॉक अशी बातमी आली, तर बॉसला अर्धा तास उशिराचा मेसेज टाका आणि लांबचा रस्ता धरा. तेवढा उशीर परवडतो.